लेकीचा खोकला, सुनेचा खोकला

आमचे अण्णा घरात शिरायच्या आधी खाकरतात. उंबऱ्याबाहेर चप्पल काढतात, घसा खरवडून एक मोठा आवाज काढतात आणि मगच आत पाऊल टाकतात. तो आवाज वहिनीसाठी असतो. सासरा येऊन राहिला, पदर सारखा कर, हसत असशील तर थांब, एवढा सगळा मजकूर त्या एका खाकरण्यात असतो. वहिनी लगेच भिंतीला लागून उभी राहते. मी मात्र टीव्हीसमोर लोळत असेन तर लोळतच राहते, कारण मी घरची लेक. माझ्यासाठी तो आवाज म्हणजे अण्णा आले, आता बातम्या लागणार, इतकाच.

शिरड शहापूरच्या अंगाला आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या बाजूला आमची बौद्ध वस्ती. घरात अण्णा, माय, दादा, वहिनी, त्यांची अजून अंगावर पिणारी लेक आणि लग्नाचा विषय निघाला की ताट सरकवणारी मी. शिकून मी एका संशोधनाच्या कामाला लागले होते. या भागात टीबी किती, कुणाला, कशामुळं, हे शोधायचं काम. संशोधन हा शब्द मला फार आवडायचा. पाहुण्यांनी विचारलं की मी तो सावकाश उच्चारायचे. काम म्हणाल तर घरोघर फिरून खोकणाऱ्या माणसांचा बेडका गोळा करायचा.

त्यासाठी झाकणाची डबी असते. लांब श्वास घ्यायचा, छातीतून खाकरायचं आणि जे निघेल ते डबीत टाकायचं. तोंडातली थुंकी चालत नाही, जंतू असतात ते छातीतल्या बेडक्यात. हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतसुद्धा बरळत असेन. गडीमाणसं या बाबतीत मोठी दानशूर. पारावर बसल्या बसल्या डबी भरून द्यायचे आणि वरून विचारायचे, "अजून पायजे का?" बायका डबी घेऊन भिंतीकडं तोंड करायच्या, पदराआड काहीतरी करायच्या आणि परत द्यायच्या ती पाण्यासारखी पातळ थुंकी, वर फेस. मी घ्यायचे. पुढची घरं वाट बघत असायची, आणि एखाद्या बाईला पुन्हा थुंक म्हणायची माझीच मला लाज वाटायची.

सगळ्या डब्या तपासून झाल्या तेव्हा आमचे साहेब म्हणाले, इथं बायकांमध्ये टीबी बराच कमी दिसतोय. साहेब शहरातले, हुशार, बोलायला गोड. मी पटकन म्हणाले, "आमच्याकडच्या बाया काटकच असतात सर." सगळे हसले. मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन मायला सांगितलं. माझं डोंबल काटक.

वस्तीचं काम तर मी एकटीनंच केलं होतं. एक्स-रेची गाडी ग्रामपंचायतीसमोर उभी राहिली, खाली आमच्याकडं आलीच नाही. रस्ता अरुंद आहे म्हणे. त्याच रस्त्यानं सोयाबीन भरलेली ट्रॉली येते, तिला कधी तो अरुंद झाला नाही. साहेब म्हणाले, "तुमची वस्ती तुम्हीच करून टाका, तुमचं ऐकतील." गाडी का येत नाही हे विचारायला हवं होतं, पण मी फुगले. आपल्या माणसांत आपला मान वाढणार म्हणून डब्यांची पिशवी खांद्याला लावून निघाले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा असाच आनंदात निघत असेल.

आमच्या घरी खोकणाऱ्या दोघी होतो. माझा खोकला चार घरं पलीकडं ऐकू जायचा. वहिनीचा ऐकू यायचा नाही, दिसायचा. ती पदराचा बोळा तोंडाला लावायची आणि तिचे खांदे हलायचे. विचारलं तर म्हणायची, "घशाची तकलीफ हाय ताई, कायी न्हाई." आम्हीही तेच म्हणायचो. शेजारणीनं विचारलं तर तिच्या आधी मी सांगायचे, घशाची तकलीफ आहे, काही नाही.

वस्तीचं काम सुरू केलं त्या दिवशी सकाळी मी अंगणातच दोन डब्या काढल्या. अण्णा लिंबाखाली बाजेवर बसून चहा पीत होते. मी तिथंच उभी राहून अशी काही खाकरले की शेळी बिचकली आणि अण्णा हसले. मग दुसरी डबी वहिनीच्या हातात दिली. ती भाकरी टाकून बाहेर आली होती, हाताला पीठ होतं. तिनं एकदा बाजेकडं पाहिलं, मग भिंतीकडं वळली. डबी परत आली तेव्हा तिच्यात वरवरची थुंकी होती. मला बराबर दिसत होतं. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला होता, वहिनी घाईला आली होती, मीही आले होते. "चालंल," मी म्हणाले आणि झाकण लावलं.

माझ्या डबीत टीबी निघाला. वहिनीच्या डबीत काही निघालं नाही.

मी दोन दिवस रडले आणि मग लाडात राहिले. मला बाहेरच्या खोलीतली खिडकीजवळची जागा मिळाली. अण्णा जवळा बाजारहून अंडी आणायचे, शेळीचं दूध माझ्याखेरीज कुणाला मिळायचं नाही. मी अंगणात खोकायला लागले की माय हातातलं काम टाकून पाठीवरून हात फिरवायची. आणि वहिनी रोज गोळ्या माझ्या तळहातावर ठेवून मी गिळेपर्यंत समोर उभी राहायची. चुकवू द्यायची नाही. घरात एकाला निघाला की बाकीच्यांकडं लक्ष ठेवायचं असतं, हे मला पाठ होतं. मी बाकी सगळ्यांना तपासायला लावलं, दादालासुद्धा. वहिनीला म्हणाले, "तुमची तर झालीय की, तुमच्यात काही नाही." ती "व्हय" म्हणाली. ती वाळत चालली होती तर आम्ही म्हणालो, लेकरू अंगावर पितंय.

मी बरी झाले. वजन वाढलं, गाल वर आले, पुन्हा पिशवी घेऊन कामाला जायला लागले. एक दिवस मागच्या मोरीत वेगळ्या घमेल्यात तिचं लुगडं भिजत घातलेलं दिसलं. पदराच्या टोकाला लाल होतं. विचारलं तर म्हणाली, दात दुखून राहिला. मी पोरीला मायकडं दिलं आणि वहिनीला घेऊन हिंगोली गाठली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि मला दाखवला. एका बाजूला फुफ्फुस खराब झालं होतं. टीबीच होता, आणि बऱ्याच दिवसांचा. औषधानं बरा होईल, पण त्या बाजूचा श्वास पहिल्यासारखा येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, "घरात आधी कुणाला होता?" वहिनीनं माझ्याकडं पाहिलं नाही. मीच म्हणाले, मला. मी टीबीच्या कामात आहे हे मात्र सांगितलं नाही. कुणाचा कुणाला लागला हे आता सांगता येणार नाही, असंही बाई म्हणाल्या. लेकी बोले सुने लागे ही रीत माणसांची; आजाराला तेवढी अक्कल नसते, तो दोघींना सारखाच धरतो. पण सापडला तो लेकीचा.

परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, "त्या दिवशी डबीत नीट काहून नाही दिलं, वहिनी?" माझ्या आवाजात रागच होता, खोटं कशाला बोलू. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मामा बाजेवर व्हते ताई," ती म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणते. मग म्हणाली, "लगीन झाल्यापून खाकरलेच न्हाई मी. येतंय का न्हाई तेबी ठाव न्हाई."

मला इतकी शरम वाटली की तिकीट मुठीत चुरगळून गेलं. अण्णांच्या खाकरण्यावर ती गप्प होते, हे मी रोज बघत होते. त्याच बाईच्या हातात डबी देऊन मी त्याच सासऱ्यासमोर तिला खाकर म्हणाले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथं तर दिवा माझ्याच हातात होता. साहेबांना ही रीत माहीत नसेल. मला होती.

घरी ठरलं, तिला कनेरगाव नाक्याला माहेरी पाठवायचं. बरी झाली की येईल. पोरगी इथंच राहील, वरच्या दुधावर. मी म्हणाले, "मला कुणी पाठवलं होतं? तिचं औषधही इथंच चालू होईल." माय शांतपणे म्हणाली, "तू लेक हायेस. तुला कुठं पाठवनार?" दादा खाली बघत राहिला. अण्णा जयंतीला समतेवर भाषण करतात, लोक टाळ्या वाजवतात; ते काही बोलले नाहीत. आणि मीही पुढं बोलले नाही. वहिनी समोर नसली की तिचा वाळलेला गळा सारखा दिसणार नाही, असं मला आतून वाटलं होतं. हलकं वाटलं होतं. तिनं पोरीला शेवटचं पाजू का म्हणून मायला विचारलं, तेव्हा मी उठून अंगणात गेले.

साहेबांना मी सगळं सांगितलं. आपल्याकडं आलेल्या बायकांच्या डब्या थुंकीच्या आहेत, बायकांना कमी नाही, आपल्याला सापडला नाही. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. पेन फिरवत म्हणाले, "पण बायकांशी बोलायला म्हणूनच तर तुम्हाला घेतलं होतं." अहवाल तर पुढं गेला होता. त्यात माझी वहिनी अजून धडधाकट आहे.

मधे मी डॉक्टरीणबाईंना पोरीबद्दल विचारून घेतलं. पोरीला टीबी होऊ नये म्हणून गोळ्या आधीच चालू केल्या होत्या, आणि आईचं औषध लागू पडलंय, आता जवळ न्यायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. मायला न विचारता मी पोरीला कडेवर घेतलं आणि कनेरगाव नाक्याला गेले. रस्त्यालगतच्या ढाब्यामागं वहिनीच्या वडलांचं घर आहे. अंगणात पाऊल टाकलं तर वहिनी चुलीची राख लावून दात घासत होती. म्हातारे वडील दोन हातांच्या अंतरावर बाजेवर बसलेले. तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं; तिनं पाण्याची चूळ भरली आणि छातीच्या तळातून अशी काही खाकरली की कडेवरची पोरगी दचकून मला बिलगली.

मी तो आवाज पहिल्यांदा ऐकत होते. इतकी वर्षं एका छपराखाली राहून पहिल्यांदा. डोक्यावर पदर नव्हता, अंगावर थोडं मांस आलं होतं, आणि थुंकून झाल्यावर ती वडलांना म्हणाली, "बा, आज कमी हाय बगा." इथं ती लेक होती.

पोरीला पाहून तिनं हात तसेच ओले पुढं केले. पोरीनं आधी ओळखलं नाही. मग ओळखलं. मी दुसरीकडं बघितलं.

आतून चहा आला. चहा घेऊन आली ती तिच्या भावाची बायको, कवळी पोर, डोक्यावर पदर, नजर खाली. नणंदेचं सगळं तीच करत होती, गोळ्या, अंडी, गरम पाणी. कप माझ्यापुढं ठेवून ती उंबऱ्याच्या आत गेली आणि भिंतीआड उभी राहिली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. खांदे दिसत होते. ते हलत होते.

"तिला काय झालं?" मी विचारलं.

"घशाची तकलीफ हाय," वहिनी पोरीचे केस सारखे करत म्हणाली, "कायी न्हाई."

म्हणाली आणि तिचा हात पोरीच्या डोक्यावर तसाच राहिला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग उंबऱ्याकडं. पिशवीत माझ्या डब्या होत्याच, कायम असतात. मी म्हाताऱ्यांकडं वळले. "बाबा, जरा नाक्यापर्यंत जाऊन बसता का?"

"काहून?" ते म्हणाले. स्वतःच्या अंगणातून उठ म्हटल्यावर कुणीही विचारील.

"आत काम आहे. बायकांचं."

ते धोतर सावरत कुरकुरत उठले आणि ढाब्याच्या बाजूला गेले. मी वहिनीच्या भावजयीला घराच्या मागं नेलं, श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं, स्वतः खाकरून दाखवलं. पहिल्यांदा तिनं थुंकी दिली, वर फेस. मी म्हणाले, हे नाही चालणार, पुन्हा. ती लाजली, हसली, पुन्हा थुंकीच आली. मी पुन्हा म्हणाले. शेवटी तिनं भिंतीला हात टेकला, डोळे मिटले आणि तिच्या छातीतून तो जाड, पिवळट बेडका आला. त्यात एक तांबडी रेघ होती.

मी डबी घेऊन अंगणात आले. वहिनी पोरीला मांडीवर घेऊन वडलांच्या बाजेवर बसली होती. तिनं डबीकडं पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं. चिडून नाही, एखादी गोष्ट समजून घ्यावी तसं तिनं विचारलं, "ताई, माझ्या येळंला मामांना काहून न्हाई पाठवलं बाहीर?"

डबीचं झाकण केव्हाच लागलं होतं. मी ते फिरवत राहिले.