अक्काच्या कानातला कापूस

"काकू, अक्का गेली," असं पुतण्या प्रकाश फोनवर म्हणाला, तेव्हा त्यानंच पाठवलेले पेढे मी शेजारी वाटत होते. अक्काच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, डोक्यात कॅन्सर नाही, नुसता पू निघाला, म्हणून पाठवलेले...

अक्का माझी थोरली जाऊ. जिंतूरजवळच्या त्या घरात मी लग्न होऊन आले, तेव्हा मला वाटायचं, ही बाई लय गर्विष्ठ. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, म्हणजे अक्कल माझ्यापाशीच! चुलीपुढं तिच्या डावीकडं बसून असे टोमणे मारायचे, की माझं मलाच कौतुक वाटायचं. ती आपली भाकरी थापतेय. खूप दिवसांनी कळलं, तिचा डावा कान लहानपणापासून वाहतो, त्यानं ऐकूच येत नाही. एवढे घोटून मारलेले टोमणे, सगळे कापसात गेले! तिला सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसली. "मंग ह्या कानात बोल की गं, मला बी कळू दे."

यंदा तिचं डोकं दुखायला लागलं, बोलताना शब्द सापडेनात. नांदेडला मेंदूचा फोटो काढला. त्याआधी जोडवी, मंगळसूत्र, कानातली फुलंसुद्धा उतरवून घेतली. घरच्या शेतातला कापूस तेवढा कानात राहिला. फोटोत मधे काळं, भोवती पांढरं कडं. डॉक्टर म्हणाले, "ट्यूमर वाटतोय. पण पूही कधीकधी असाच दिसतो. सुई घालून बघावं लागेल. यांचा कान फुटतो का?" प्रकाश नाही म्हणाला. खोटं नाही बोलला तो. जन्मल्यापासून आईच्या कानात कापूस बघितलेला, त्याला तो दागिन्यासारखाच. मग कॅन्सरच असेल तर या वयात डोक्याला भोक कशाला, म्हणून तिला घरी आणलं आणि पाहुण्यांना निरोप धाडले, भेटून जा.

गंगाखेडहून मीही गेले. "कानाचं सांगितलं का रे डॉक्टरला?"

"कानाचं काय, काकू? ते तर कायमचंच हाय."

त्याच दुपारी जीप केली. सुई घातली, पू निघाला; कानातलाच मेंदूपर्यंत गेलेला. औषधानं उतरेल, डॉक्टर म्हणाले; पण लय उशीर झालाय, असंही म्हणाले. आम्ही पहिलं तेवढं ऐकलं...

परवा गावी गेले, तिच्याच खाटेवर पडले होते. प्रकाश चहा घेऊन आला. दार डावीकडं; पण तो खाटेला वळसा घालून उजव्या बाजूला आला, मगच बोलला. त्या घरात सगळे तसेच येतात, कुणी कुणाला शिकवलेलं नाही.

"काकू, मी तवा हो म्हणलो असतो तर?"

माझे दोन्ही कान शाबूत आहेत. तरी ऐकू न आल्यासारखी मी चहा पीत राहिले...