न चाखलेलं लिंबाचं क्रीम

ब्लॉगवर आजवर मी मजेच्या सहली लिहिल्या. ही तशी नाही. जायचं ठरवलं तेही मीच. माझा धाकटा भाऊ सुहास गुहागरला उकडीचे मोदक करून विकायचा. त्याच्यासारख्या एकसारख्या नाजूक कळ्या मी दुसऱ्या कुणाच्या हातच्या पाहिलेल्या नाहीत. पण साच्यातले फ्रोजन मोदक आले आणि त्याच्या ऑर्डरी गेल्या. वय बेचाळीस, दुसरं काही येत नाही. दुबईतल्या एका फ्रेंच पेस्ट्रीच्या दुकानाला कारागीर हवे होते. मी परस्पर मोदकांचे फोटो पाठवले. त्यांनी एका दिवसाच्या ट्रायलला बोलावलं आणि मी त्याला अक्षरशः ओढत नेलं.

दुबईच्या बर दुबई भागात मावसबहीण मीनलकडे उतरलो. तुम्ही जाणार असाल तर मीना बाजारच्या आसपासच राहा, जेवण स्वस्त पडतं आणि एका दिरहमात अब्रा नावाच्या होडीतून खाडी ओलांडता येते. पहिल्या संध्याकाळी दुकान पाहून आलो. काचेमागे जर्दाळू, लिंबं, अक्रोड मांडलेले, आणि सगळे खोटे. बाहेर चॉकलेटचा पातळ पापुद्रा, आत मूस म्हणजे हलकं फेसाळ क्रीम, मधोमध फळाचा आंबट गर. लिंबाच्या सालीवरची बारीक छिद्रंसुद्धा हुबेहूब.

"एकाला पासष्ट दिरहम. म्हणजे दीड हजाराच्या वर गेलं गं," मीनल म्हणाली.

"मॉम, प्लीज स्टॉप कन्व्हर्टिंग," तिची दहा वर्षांची इरा वैतागली.

सुहासने आम्ही विकत घेतलेलं एक लिंबू तळहातावर घेऊन चारी बाजूंनी पाहिलं. "ताई, हे मला जमेल," तो म्हणाला. कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. मी वेड्यासारखी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी ट्रायल, दुबईजवळच्या उम्म अल कुवैन अमिरातीत. दुकानाचं मोठं स्वयंपाकघर तिथल्या इंडस्ट्रियल एरियात आहे. सकाळची गर्दी दुबईकडे येणारी असते, त्यामुळे टॅक्सी तासाभरात पोचली. मला काचेबाहेर, उघड्या दाराशी बसू दिलं. आत विल्सन नावाच्या गोव्याच्या मदतनीसाने सुहासच्या खिशात एक चमचा खोचला. "हर स्टेप पे टेस्ट करना, भाई. शेफ का रूल है."

चार तास मी त्याचे हात पाहत होते. साल किसली, क्रीम शिजवलं, भरलं, रंग फवारला. शेफ उंच, अबोल फ्रेंच बाई. तिने त्याचं लिंबू उचलून सगळ्यांना दाखवलं. मग कापून खाल्लं, आणि चेहराच बदलला. किसताना सालीखालचा पांढरा भाग आला होता. क्रीम कडू झालं होतं. तिने त्याच्या खिशातला चमचा काढला. तो कोरडा होता.

"टेस्ट क्यों नहीं किया?" विल्सनने विचारलं.

 नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, हे आमच्या आईने सुहासला सहाव्या वर्षी शिकवलं. छत्तीस वर्षं तो वासावर आणि रंगावर स्वयंपाक करतोय. "हमारे में पहले भगवान को देते हैं," तो कसाबसा म्हणाला. विल्सनने ते इंग्रजीत सांगितलं. शेफ शांतपणे म्हणाली, "इथे देव नाही, गिऱ्हाईक आहे."

"खलास, भाई. सॉरी," विल्सन म्हणाला.

ही सवय मला माहीत होती. आदल्या रात्री एक शब्द बोलले असते तर. मी मात्र त्याच्या शर्टाला इस्त्री करत बसले.

ती पेस्ट्री खरंच सुंदर असते, दुबईला गेलात तर जरूर पाहा. मला आता तिचा फोटोही बघवत नाही. परतल्यावर आईच्या संकष्टीला सुहासने मोदक केले. ताट देवापुढे न्यायच्या आत त्याने एक मोडला आणि चमच्याने सारण खाल्लं.

"गोड बरोबर आहे," तो म्हणाला.

आईने ताट बाजूला सारलं आणि देवापुढे वाटीभर साखर ठेवली. त्यानंतर सुहासने मोदक केलेले नाहीत.