मामांच्या टीव्हीतला अंधार

या जगात जी जी वस्तू खोक्यात घालून विकली जाते, ती आमच्या मामांना फसवण्यासाठीच बनवलेली असते, याबद्दल मामांच्या मनात तिळमात्र शंका नाही. आणि त्यांच्या नव्या टीव्हीपायी चार महिने त्यांच्याबरोबर वणवण केल्यावर माझ्याही मनात ती फारशी उरलेली नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. त्यांचा उभा जन्म वेल्ह्याच्या अंगाला, डोंगरातल्या वस्तीवर शेरडं-मेंढरं राखण्यात गेला. समोरच्या उतारावर चरणारं जनावर आपलं की परक्याचं, आणि आपलं असेल तर कुणाच्या पोटचं, हे ते अलीकडच्या कड्यावर उभं राहून सांगत. अशा माणसाला एका दुकानदाराने 'काका, पिक्चर एकदम क्लिअर' असं तोंड वर करून सांगावं आणि अंधार विकावा, हे आठवलं की माझं डोकं आजही तापतं.

पारखून घेतल्याशिवाय मामांनी आयुष्यात काही घेतलं नाही. काडेपेटी घेताना एक काडी दुकानातच ओढून पाहायची. छत्री घेताना ती तिथेच उघडून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, मग खाली दुकानदाराच्या वह्या असोत नाहीतर त्याचा मुलगा. बॅटरी घ्यायची तर दुकानामागच्या गोदामात शिरून दार लावून घ्यायचं, कारण उजेडात उजेड बघण्यात काय अर्थ आहे? भोरला एकदा दुकानदार त्यांना आत विसरला आणि कुलूप लावून जेवायला गेला. तासाभराने येऊन पाहतो तर मामा एका पोत्यावर निवांत बसलेले. म्हणाले, "हीच द्या. तासभर जाळली, मंद न्हाई झाली."

तीन वर्षांपूर्वी आत्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि दोघांना डोंगर उतरून उत्रोलीला यावं लागलं. मेंढरं, शेरडं आणि घर, सगळं मामांच्या धाकट्या भावाच्या हवाली केलं. निघताना मामांनी आत्याला शब्द दिला, "गुडघं बरं झालं की परत वर. घर कुटं पळून जातंय?" आणि तेवढ्यावर न थांबता, ती वर येईपर्यंत आपणही वर पाऊल टाकणार नाही, असं स्वतःलाच बजावलं. हा नेम त्यांनी खरोखर पाळला. भाऊ बोलवायचा, जत्रेला बोलवायचा, मेंढरांची लोकर कातरायला बोलवायचा. मामांचं उत्तर ठरलेलं: "ती न्हाई, तर मी कशाला?" भाऊ अधूनमधून मोबाईलवर वरचे व्हिडिओ पाठवी. पण त्या हाताएवढ्या काचेत आत्याला शेळी आणि धोंडा यांतला फरक कळत नसे. तोंडाने काही म्हणायची नाही, फोन नुसता परत द्यायची. ते मामांना सहन झालं नाही. ज्या माणसाने जन्मात कधी टीव्हीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तो एके दिवशी सकाळी भोरला माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. "चल," म्हणाले, "भिंतीएवढा टीव्ही घ्यायचाय. तुझ्या आत्याला तिचं घर दाखवायचंय."

भोरच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात एक मशीन बाळगणाऱ्या माणसाला जगातली सगळी मशीनं कळतात, असा आमच्या सगळ्या नात्यागोत्यात समज आहे, आणि त्याचे भोग मी भोगत असतो. आम्ही नसरापूरला गेलो. दुकानात एका मोठ्या पडद्यावर पोपट होता. मामा त्याची पिसं मोजायला लागले आणि ती मोजता येत होती! मग ते टीव्हीच्या मागे गेले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, दोन्ही कुशी दाबून पाहिल्या. तोंड असतं तर दातही पाहिले असते. "हाच द्या," म्हणाले. दुकानदार म्हणाला, हा दाखवायचा आहे, तुम्हाला असाच सीलपॅक देतो. मामांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की माझीच मान खाली गेली. "आरं, शेरडू कुनी पोत्यात घालून घेतं का? त्वांड बगितल्याबिगर?" पण मी शहाणपणा केला. कंपनीचा माल सगळा सारखाच असतो, असं त्यांना पटवलं. हे वाक्य पुढे चार महिने मामांनी मला दिवसातून दोनदा, माझ्याच आवाजात, ऐकवलं.

खोकं टेम्पोत घातलं. मामा मागे त्याला कवटाळून बसले आणि कापूरहोळच्या वळणावर ड्रायव्हरला इतकं ओरडले, की तो पुढे भोरपर्यंत बैलगाडीच्या चालीने गेला. घरी आत्या वाट पाहत होती. टीव्ही भिंतीवर टांगला, तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, नारळ फोडला, आणि खाली मधोमध, जिथे कंपनीने नेमकी टिकलीएवढी चकचकीत जागा सोडली होती, तिथे हळदकुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं. मी मोबाईलवर फोटो काढला. मग बटण दाबलं.

आणि अंधार! अगदी काळोख म्हणता येणार नाही. भर पावसाळ्यात दिवेलागणीला वीज गेल्यावर घरात जेवढं दिसतं, तेवढं दिसत होतं. बातम्या देणारी बाई सुतकात असल्यासारखी वाटत होती. आम्ही जंगलाचा कार्यक्रम लावला, तर त्यातल्या हरणापेक्षा खोक्यावर छापलेलं हरीण उजळ होतं. मामांनी ते खोकं टीव्हीशेजारीच उभं केलं आणि आल्यागेल्याला दोन्ही हरणं दाखवायला सुरुवात केली. रिमोटसुद्धा टीव्हीच्या नाकाशी नेल्याशिवाय चालत नसे. मी तीन संध्याकाळ खपून त्यातल्या सगळ्या सेटिंग उलथ्यापालथ्या केल्या. माणसं एकदा टोमॅटोसारखी लाल झाली, एकदा कावीळ झाल्यासारखी पिवळी झाली, पण उजळ काही झाली नाहीत. धाकट्या भावाचा व्हिडिओ लावला. काळ्या रानातून काळी जनावरं काळ्या घराकडे निघाली होती. आत्या समजूत घालावी तशी म्हणाली, "दिसतंय की. हलतंय काय तरी."

त्या 'काय तरी'ने मामा पेटले. दुकानदार म्हणाला, कंपनीला फोन करा. कंपनीचा फोन एक यंत्र उचलायचं आणि इंग्रजीसाठी हे दाबा, हिंदीसाठी ते दाबा असं सांगायचं. मामा त्या यंत्रावरच ओरडले, "मराठीला कितवं बटन हाय?" शेवटी एक बाई भेटली. तिने हिंदीत विचारलं, की नेमकी अडचण काय आहे. मामा म्हणाले, "बाई, सब अंधारा है! बकरी कौन्ती और धोंडा कौन्ता, कुछ कळता नै!" तिने पुष्कळ खेद व्यक्त केला, तक्रार नोंदवली, आणि दोन दिवसांनी तक्रार सुटल्याचा निरोप माझ्या मोबाईलवर आला. कुणी आलं नाही, कुणी पाहिलं नाही, तक्रार सुटली! वर आमची सेवा कशी वाटली म्हणून पाच चांदण्या मागितल्या. माणसं निर्लज्ज असतात हे मला ठाऊक होतं, पण निर्लज्जपणाही आता यंत्रावर टाकलाय हे तेव्हा समजलं.

मग गावाने नेहमीचा उपाय काढला: टीव्ही चांगला आहे, म्हाताऱ्याचेच डोळे गेलेत. खरं सांगायचं तर मलाही हळूहळू तसंच वाटू लागलं होतं. मी गोडीगुलाबीने मामांना भोरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मामांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, तिच्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलं छापखान्याचं नाव वाचलं, आणि डॉक्टरांच्या पाठीमागच्या कॅलेंडरवर येत्या एकादशीची वार-तीथही सांगितली. डॉक्टर म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगले आहेत." "तसं ल्हिऊन द्या," मामा म्हणाले. डॉक्टरांनी हसत लिहून दिलं. मामांनी तो कागद माझ्याच दुकानात लॅमिनेट करून घेतला आणि टीव्हीच्या वरती खिळ्याला लटकवला. कोण काय बोलायला तोंड उघडतंय असं वाटलं, की त्यांचं बोट आधी त्या कागदाकडे जाई.

शेवटी मीच कापूरहोळच्या एका दुरुस्तीवाल्याला धरून आणलं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. मामांनी त्याला दोन्ही हरणं दाखवली, सर्टिफिकेट दाखवलं, नसरापूरपासून सगळी कथा सांगितली. तो ऐकत ऐकत टीव्हीजवळ गेला, वाकला आणि म्हणाला, "हे कुंकू कुनी लावलंय?"

मामाही वाकून पाहू लागले.

"हा ह्याचा डोळा हाय," तो म्हणाला. "घरात उजेड किती हाय ते ह्यो हितनं बगतो आन त्या मानानं चित्र दावतो. रिमोटचं बी हितनंच घेतो. तुमी डोळ्यावर कुंकू थापलंय. ह्याला वाटतंय रात झाली. चार म्हैनं ह्यो बिचारा रातच समजून चाललाय."

दारात आत्या उभी होती. तिचा हात तोंडावर गेला. चार महिन्यांचा आरडाओरडा, फोन, डॉक्टर, गावाची टिंगल, सगळं एका क्षणात तिच्या एका बोटावर येऊन बसलं. तिचा चेहरा इतका उतरला, की मला तिच्याकडे बघवेना. आणि आजवर कुठलीही चूक कबूल न केलेले, चुकीच्या एस.टी.त बसले तरी एस.टी.च चुकली म्हणणारे आमचे मामा, पागोटं सारखं करत म्हणाले, "म्याच लावलं व्हतं. मला काय ठावं, तितं डोळा असतो?" माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये तो फोटो होता आणि त्यात हिरव्या बांगड्यांचा हात होता. मी मोबाईल बाहेर काढला नाही. त्या दिवशी मला मामांबद्दल जेवढी माया वाटली, तेवढी पूर्वी कधी वाटली नव्हती.

दुरुस्तीवाल्याने ओल्या फडक्याने कुंकू पुसलं. टीव्ही क्षणभर थांबला आणि मग खोलीत दिवस उगवला. हरणाच्या पाठीवरचे ठिपके मोजता येत होते. मामांनी खोक्याला लाथ मारून ते बाजूला केलं. "लाव," म्हणाले, "भावाचा लाव." मी परवाच आलेला व्हिडिओ लावला. हिरवं रान, वाट, आणि वाटेने येणारी शेरडं. आत्या पुढे सरकून बसली. "ही मोरी! आवं, ही चांदी बगा, गाभण हाय! आन ह्यो बोकड कुनाचा?" मामा नावं दुरुस्त करत होते, ती त्यांची दुरुस्ती खोडून काढत होती. शेरडं वळली आणि त्यांच्या मागे आत्याचं घर आलं.

घर हाय तसं हाय, असं भाऊ दर फोनला सांगायचा. छपराचं आढं मधोमध खचलं होतं. मागच्या अंगाची कौलं गळून पडली होती आणि त्या भगदाडातून एक झाड चांगलं पुरुषभर वर आलं होतं. चित्र खरोखरच एकदम क्लिअर होतं. पानं मोजता आली असती.

"आढं बसलं वाटतं," आत्या हळूच म्हणाली.

मामा पडद्याकडे बघत राहिले. समोरच्या डोंगरावरचं जनावर ओळखणारा माणूस. "सावली पडलीय," म्हणाले.

"सावली असंल," आत्या म्हणाली.

थोड्या वेळाने मामा दुरुस्तीवाल्याला म्हणाले, "लई उजेड केलास बाबा. डोळं दिपत्यात." त्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा वरच्या सर्टिफिकेटकडे पाहिलं, आपली पिशवी उचलली आणि चहा न घेताच निघाला.

पंधरा दिवसांनी मी सहज उत्रोलीला गेलो, तर ओटीवरूनच मामांचा आवाज ऐकू आला. कंपनी चोर, दुकानदार चोर, तो कापूरहोळचा तर सगळ्यांत मोठा चोर! आत गेलो. टीव्हीत पुन्हा दिवेलागण झाली होती. मी वाकून पाहिलं. त्या डोळ्यावर कुंकू होतं. पण आत्याच्या बोटासारखं रेखीव नव्हतं. मेंढराच्या पाठीवर खूण करताना रंगात बुडवलेला अंगठा दाबतात, तसं रुंद आणि फरफटलेलं होतं. माझा हात रुमालाकडे गेला. चहा घेऊन आलेल्या आत्याने मान हलवली.

"ऱ्हाऊ दे रं," ती माझ्यापुरतं बोलली. "मला दिसायचं ते दिसलंय. त्यास्नी बगवत न्हाई."

"काय म्हनती?" मामांनी विचारलं.

"काय न्हाई. साखर कमी पडली का इचारत व्हते," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"चार पायांचं जनावर असतं ना," मामा माझ्यावर गरजले, "तर नसरापूरला न्हिऊन त्याच्या दाराला बांधून आलो असतो! माल म्हनं सगळा सारखाच असतो!" मी निमूटपणे चहा प्यायलो. पडद्यावर काहीतरी काळं हललं. "मोरी," आत्या म्हणाली. "चांदी हाय ती," मामा म्हणाले. तिच्या मागे घर होतं की डोंगर, ते मला काही कळलं नाही.