अडलं कुठे, वैनी?

भावजींच्या खोलीतून साधी सुतळी टाकायची, तरी आधी चौकशी समिती बसायची. तुमच्या आजोबांचे हे धाकटे भाऊ रत्नागिरीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि आमच्याच माडीवर राहत. मला दर शनिवारी अडगळ काढल्याशिवाय चैन पडत नसे. मी काही उचललं की ते म्हणत, "वैनी, त्याच्यावर कोण अवलंबून आहे ते आधी बघा." एकदा न बघता मी फ्रीजखालचा लाकडी ठोकळा ओढून बंबात घातला. संध्याकाळपासून फ्रीजचं दार लागेना. भावजी आठवडाभर खुशीत होते.

कॉलेजातून आले की ते कॉम्प्युटरपुढे बसत. शास्त्रज्ञांना मोठमोठी गणितं करायला जे प्रोग्रॅम लागतात, ते एकमेकांच्या आधाराने चालतात. एक बसवायला जावं तर तो आणखी चार मागतो, आणि त्यातल्या एखाद्याचं दुसऱ्याशी पटत नाही. कोणाला काय लागतं ते ओळखून सगळे योग्य क्रमाने आणून बसवणारा एक प्रोग्रॅम होता; तो भावजी सांभाळत. फुकट. वापरणारे मात्र जगभर.

गुहागरच्या आत्यांना मी हे मोदकांवरून समजावलं: पिठी, नारळ, गूळ, मोदकपात्र, सगळं वेळेवर हाताशी आणून ठेवणारा माणूस. आत्या म्हणाल्या, "म्हणजे करणार दुसरे, खाणार तिसरे, आणि हा नुसती तयारी करणार?" भावजींनी हे वर्णन बिनचूक असल्याचं मान्य केलं.

नवी आवृत्ती जगाला देण्याआधी तिची परीक्षा माझ्यावर होई. इंग्रजी सूचना शब्दशः पाळायच्या, स्वतःची अक्कल चालवायची नाही. ते मागे मोडक्या वेताच्या खुर्चीत बसून विचारत, "अडलं कुठे, वैनी?" मी अडले की आवृत्ती थांबलीच. इंटरनेट फोनच्या तारेवरून येई, त्यामुळे तेवढा वेळ तुमच्या आईला मुंबईहून फोन लागत नसे. तिचा राग मी ऐकायचा.

पुढे मधुमेहाने त्यांची नजर जाऊ लागली. अक्षरं वाढवता वाढवता पडद्यावर तीनच शब्द मावू लागले. ब्राझीलमधली, हवामानाचा अभ्यास करणारी एक बाई वर्षभर लिहीत होती की हे काम माझ्याकडे द्या. भावजींचं उत्तर ठरलेलं: पुढच्या आवृत्तीला बघू. तिची एक चूक झाली तर कुठल्यातरी प्रयोगशाळेत कोणाचं काम बंद पडेल, ही धास्ती.

एकदा भात वाढताना मी म्हटलं, "भावजी, सगळं तुमच्या एकट्यावर अवलंबून आहे आणि तुम्हाला दिसत नाही. हे बघितलंत का?"

त्यांनी ताकभात संपवला, हात धुतले आणि म्हणाले, "चला, तिला लिहा. मी सांगतो."

तिची पहिली आवृत्ती आली तेव्हा मी नेहमीसारखी बसले, ते मागे खुर्चीत. प्रत्येक पायरीला विचारत होते, "अडलं कुठे, वैनी?" कुठेच अडलं नाही.

"कुठेच नाही?"

"नाही."

जरा हिरमुसले. मग म्हणाले, "हुशार आहे बाई." आणि थोड्या वेळाने, "आता ही खुर्ची टाकलीत तरी चालेल."

भावजींना जाऊन बरीच वर्षं झाली. खुर्ची माडीवरच आहे. तिच्यावर कोणी अवलंबून नाही, हे मी नीट बघितलं आहे. दर शनिवारी बघते.