खालचे दोन ठिपके

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. ते आपोआप साठतात, आणि आम्ही तिघी मैत्रिणी वर्षा-दोन वर्षांनी भेटलो की त्यांच्यावर व्याजही चढतं. मंगला सांगायला लागली तर चक्रवाढ! मी साधं व्याज लावून सांगते. तरी कोणाला जास्त वाटलं तर माझा इलाज नाही.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा काळ. रत्नागिरीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये आम्ही तिघी एकदमच ऑपरेटर म्हणून लागलो. मी शैला, दापोलीची. मंगला चिपळूणची. आणि इंदू लांज्याच्या आतल्या एका खेड्यातली. तिघींची खोली एकच, काकूंच्या घरात. काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. एकट्या राहायच्या, आणि आवाज असा की त्यांना मुंबईशी बोलायला ट्रंक कॉलची गरज नव्हती!

दिवसभर आम्ही साऱ्या जिल्ह्याची बोलणी जोडून द्यायचो. पण हातात आलेल्या पगाराचं काय करायचं, हे तिघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. तोवर आमच्या हातात पैसे यायचे ते एस.टी.च्या तिकिटापुरते.

*

पहिला पगार झाला. तिघींनी आपापली पाकिटं काकूंच्या तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवली. चोर आला तरी काकूंच्या डब्यात हात घालायची त्याची छाती होणार नाही, हा आमचा विचार. फक्त काकूंना सांगायचं राहून गेलं.

दोन दिवसांनी ड्यूटीवरून आलो तर डबा जागेवर नाही. शेजारीण म्हणाली, "काकू गिरणीवर गेल्यात. उद्या घावनं करणार आहेत तुमच्यासाठी."

आम्ही पदर खोचून पळत सुटलो. वाटेत कोणीतरी विचारलं, "काय झालं गो?" मंगला पळता पळता ओरडली, "पगार दळायला गेलाय!"

पोचलो तेव्हा अर्धे तांदूळ दळून झाले होते. गिरणीवाल्याने गिरणी थांबवली, तांदळात हात घातला, एकेक पाकीट बाहेर काढलं, पीठ झटकलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "बारीक दळू की जाडसर?"

इंदूच्या एका नोटेचा कोपरा मात्र गेलाच होता. दुसऱ्या दिवशी ती प्रत्येक घावन उजेडात धरून बघत होती. काकू भडकल्या, "अगो बायांनो, तांदूळ डब्यात ठेवतात नि पैसे बँकेत! एवढं शिकून हे कळत नाही तुम्हाला?"

*

तर मग बँक. जुनी, दगडी पायऱ्यांची. मॅनेजरसाहेबांनी आम्हाला बसायला सांगितलं नाही, पण भाषण दिलं.

"मुलींनो, वडलांना घेऊन या. नाहीतर भावाला. तुमचं वय लहान. पैशांना पालक लागतो."

इंदू आमच्यात सगळ्यात भित्री. पण तिलाच काय झालं कोण जाणे, ती म्हणाली, "साहेब, आम्ही बावीस वर्षांच्या आहोत. पैशांची पालक मीच."

साहेबांना आणखीच चेव आला. खातं म्हणजे काय, जबाबदारी म्हणजे काय, शिवाय तुमची ओळख कोण देणार, आम्ही तर तुम्हाला कधी पाहिलंसुद्धा नाही! थांबायचं नाव नाही. शेवटी मंगलाच्या तोंडून सवयीने, अगदी ड्यूटीवरच्या आवाजात निघून गेलं, "तीन मिनिटं झाली. वाढवायचा का कॉल?"

साहेब दचकून म्हणाले, "हो हो, वाढवा, वाढवा!"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. रोज दुपारी हेड ऑफिसला ट्रंक कॉल लावून देणारा आवाज समोर उभा होता! पाच मिनिटांत तीन खुर्च्या आल्या, तीन फॉर्म आले, आणि बँकेच्या शिपायाचं तिथेच खातं होतं म्हणून ओळखीला त्याची सही झाली. साहेब निरोप देताना हळूच म्हणाले, "उद्यापासून माझा कॉल जरा लवकर लावा हं."

*

काउंटरवर खानविलकर नावाचे क्लार्क होते. माणसाच्या चेहऱ्याकडे ते कधी बघायचे नाहीत, फक्त सहीकडे.

सही! आम्ही तोवर मस्टरवर नाव लिहायचो, त्यालाच सही समजायचो. इंदूने मात्र बँकेत जायच्या आधी आठवडाभर रद्दीवर सराव केला होता. आडनाव नको, नुसतं "इंदुमती", खाली एक रेघ, आणि रेघेखाली दोन ठिपके. का, तर ऐटदार दिसतं म्हणून.

महिन्याभराने पैसे काढायला गेली. स्लिप परत आली.

"ही तुम्ही नाही," खानविलकर म्हणाले.

"अहो, मीच आहे! तुम्हीच खातं उघडून दिलंत ना?"

"ठिपके कुठायत?"

त्या दिवसापासून इंदूने ठिपक्यांचा धसकाच घेतला. मस्टरवर ठिपके, रजेच्या अर्जावर ठिपके, लायब्ररीच्या कार्डावर ठिपके. आईला पत्र लिहिलं तर त्याच्याखालीसुद्धा ठिपके! आईला वाचता यायचं नाही, शेजारचे गुरुजी वाचून दाखवायचे. उलट टपाली उत्तर आलं: "पत्रावर दोन थेंब पडल्याचे दिसते. रडत होतीस काय? तब्येतीस जप."

ते वाचून मात्र ती खरंच रडली. आम्ही हसत होतो, ती रडत होती आणि मधेच हसतही होती.

*

इंदूच्या खात्यामागे एक गोष्ट होती. वडील लहानपणीच गेलेले. घर गवताने शाकारलेलं. दर मे महिन्यात मायलेकी छपरावर नवं गवत चढवायच्या, आणि तरी जुलै आला की घरातलं मोठं पातेलं भाताला घ्यायचं की गळतीखाली ठेवायचं, हा प्रश्न पडायचा. इंदूला आईच्या घरावर कौलं घालायची होती. म्हणून तिने आर.डी. उघडली. महिन्याला एक हप्ता, असे साठ. ती कौलांच्या भाषेत बोलायची. हप्ता भरून आली की म्हणायची, "आज देवघरावरची रांग झाली."

तिचा एक चुलतभाऊ होता, बाळादादा. गावात हाच तिचा कर्ता. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तो एस.टी.ने हजर व्हायचा. आर.डी. उघडली त्या महिन्यात काकूंच्या ओटीवर बसून त्याने विचारलं, "आयेला मनीऑर्डर केलीस ती ठीक. बाकीचे पैशे कुठं हायत?"

"आर.डी.त टाकलेत," इंदू चाचरत म्हणाली.

बाळादादाचा चेहरा लाल झाला. "कोन हा आर. डी.? कुठचा हाय तो?"

आम्ही आत तोंडात पदर कोंबून उभ्या. इंदूला काही सुधरेना. ती म्हणाली, "दर महिन्याला द्यायचे. पाच वर्षांनी जास्तीचे घालून परत मिळतात."

"पाच वर्सांनी? नि तू इस्वास ठेवलास? लगीन झालेला हाय काय तो?"

काकू पोह्यांची बशी घेऊन बाहेर आल्या. बशी ठेवली आणि म्हणाल्या, "माणूस चांगला आहे हो. मी चौकशी केलीय. पण मुदतीआधी कोणी मधे आलं तर त्याला खपत नाही."

बाळादादा पोहे खाऊन शेवटच्या गाडीने परत गेला. पुढे सहा महिने गावात कुजबूज होती की इंदूचं रत्नागिरीत कुठल्याशा आर. डी.शी जमलंय, आणि मुलगा पैसेवाला आहे!

*

काकूंनीही मग खातं उघडलं. सही येत होती, पण त्यांनी अंगठाच दिला. खानविलकरांनी विचारलं, "काकू, तुम्हाला लिहिता येतं ना?"

काकू म्हणाल्या, "येतं. पण ह्या पोरींची फजिती मी बघितलीय. अंगठ्याला ठिपके विसरायची भीती नाही!"

*

मग मंगलाचं लग्न झालं. सासरी रिवाजाप्रमाणे नाव बदललं. मंगलाची झाली माधवी. नवरा हौशी आणि स्वभावाने गोड.

महिन्याने ती पैसे काढायला बँकेत आली. तिला शिलाई मशीन घ्यायचं होतं, त्यासाठीच दोन वर्षं साठवत होती. नवं मंगळसूत्र, नवी साडी आणि स्लिपवर नवी सही, माधवी.

खानविलकर म्हणाले, "खातं मंगलाचं आहे. तिला पाठवा."

"मीच मंगला."

"मग माधवी कोण?"

"तीही मीच."

"मग दोघी एकच, असं कोणाकडून तरी लिहून आणा. यजमानांना बोलवा."

यजमान आले. त्यांनी लिहून दिलं, सही केली, पैसे मिळाले. आणि परत जाताना वाटेत एक रेडिओचं दुकान लागलं. शिलाई मशीन राहिलं, घरात टू-इन-वन आला! मंगला हे सांगताना इतकी हसते की डोळ्यांतून पाणी येतं. पण त्याच्यावर लागलेली पहिली कॅसेट ती अजूनही ऐकत नाही.

इंदू हसली नाही. दुसऱ्या दिवशी रिसेसमध्ये ती खानविलकरांकडे गेली, मी बरोबर होते.

"आडनाव बदललं तर?"

"एक अर्ज करा. सही तीच असली की झालं."

"आणि नावच बदललं तर?"

खानविलकरांनी त्या दिवशी पहिल्यांदा वर बघितलं. "मग तुम्ही तुम्ही नाही, बाई. मग यजमान सांगतील तुम्ही कोण ते."

*

इंदूचं लग्न ठरलं तेव्हा एकेचाळीस हप्ते झाले होते. मुलगा हातखंब्याचा, शाळेत मास्तर. नाव वसंत. बघायला आले तेव्हा दोघांचं बोलणं झालं ते एवढंच: "साखर पुरेशी आहे?" "आहे."

मी पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर सासरी गेले. जीपमध्ये तिने माझा हात जो धरला तो सोडलाच नाही. "शैला, त्यांना कोण सांगणार गो?" एवढंच दोनदा म्हणाली. मी काय सांगणार? मीच घाबरले होते.

दुपारी माप ओलांडून झालं. माजघरात पाट मांडले, पितळेचं ताट आलं, त्यात तांदूळ पसरले. नवऱ्याने अंगठीने त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं. घरचे, भावकीतले, शेजारचे, सगळे गोल करून उभे. सासूबाई आनंदाने म्हणाल्या, "लिव रे वसंता. वासंती. आमी ठरवलंव कवाच."

मास्तरांनी अंगठी टेकवली आणि "वा" काढला.

इंदूची मान खाली. पण आवाज आला तो एक्सचेंजच्या बोर्डावरचा, स्वच्छ.

"अजून एकोणीस हप्ते राहिलेत."

मागून एक म्हातारी पुटपुटली, "कसले हप्ते? कर्ज हाय काय पोरीवर?"

"कर्ज नाही," इंदू म्हणाली. "कौलं आहेत. आईच्या घरावरची. मीच साठवतेय. नाव बदललं तर सही जुळायची नाही, आणि मग ती माझी राहायची नाहीत."

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं, मुलाने इंदूकडे. मला वाटतं, तेव्हाच त्याने तिला पहिल्यांदा नीट बघितलं.

"सही काय करतेस?" त्याने विचारलं.

"इंदुमती."

मास्तरांनी फळा पुसावा तसा तळहाताने "वा" पुसला. तांदूळ सारखे केले, अंगठी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "मग तूच लिही."

इंदूने शालूचा पदर सावरला. तांदळात सावकाश लिहिलं, इंदुमती. खाली रेघ मारली. क्षणभर थांबली. मग अंगठीच्या टोकाने एक, दोन.

सासूबाई वाकून वाकून बघत होत्या.

"नाव बरा हाय," त्या शेवटी म्हणाल्या, "पन खाली ह्ये दोन ठिपके कसले गो?"