दोन खणांचं दार

व्यंकट ड्रायव्हरविषयी सांगायचं तर आधी त्याच्या थोरल्या भावाचं नाव घ्यावं लागतं, आणि त्या नावानं माझं तोंड कडू होतं. पण इलाज नाही. एकाच अंगणात वाढलेली माणसं वेगळी करून सांगता येत नाहीत.

हे लातुरात घडलं, निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षांत, महायुद्ध चालू असताना. मी सरकारी शाळेत मास्तर होतो आणि व्यंकटच्या घरासमोर भाड्यानं राहत होतो. व्यंकट एका शेठची उतारूंची मोटार लातूर-नांदेड रस्त्यावर चालवायचा. आज इकडून तिकडे, उद्या तिकडून इकडे. अहमदपूरला चहा, लोह्याला पाणी, तेही आधी मोटारीला आणि मग माणसांना. मोटार बंद पडली की शेठच्या शिव्या व्यंकटला, आणि वेळेवर पोचली की नाव शेठचं. व्यंकट हसून सोडून द्यायचा. माणसांशी तो फार बोलायचा नाही, मोटारीशी मात्र भरपूर बोलायचा. चढावर त्याचं "चल माय, चल" चाललेलं मी स्वतः ऐकलंय.

नांदेडला एका व्यापाऱ्याच्या आवारात टप कुजलेली एक जुनी मोटार बेवारशी पडली होती. व्यंकटनं ती मिळवली. इंजिन स्वतः खोललं, स्वतः जुळवलं, आणि एका दुपारी ती मोटार घेऊन तो थेट आमच्या गल्लीत आला. त्याची बायको सिंधु भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. ती रडत होती की हसत होती हे तिलाही सांगता आलं नसतं. आता फक्त उतारू नेण्याचा सरकारी परवाना मिळायचा होता. परवाना आला की शेठची नोकरी सुटणार आणि व्यंकट स्वतःच्या मोटारीचा मालक होणार. त्याचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीला टांगलेलं होतं, आणि ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

पण परवाना येईपर्यंत मोटार ठेवायची कुठे? लाकडी टप पावसात टिकणारा नव्हता. व्यंकटनं अंगणात मोटारखाना बांधायचं ठरवलं.

आमच्याकडे घर खणांत मोजतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. खांबांवर तुळई, तुळईवर आडवी लाकडं, त्यावर फळ्या, आणि सगळ्यात वर मातीचं जाड माळवद. भाऊ वेगळे झाले की घरही खणांवर वाटतात, आणि वाटणीची भिंत खांबाच्या रेषेतच उठते. मोटारीचं दार एका खणाचं असून भागणार नव्हतं. सलग दोन खण मोकळे हवे होते, मधे खांब न ठेवता.

व्यंकटनं अंगणात चुन्यानं दाराच्या रेघा ओढल्या तेव्हा त्याचा भाऊ ग्यानोबा कडेला दात कोरत उभा होता. ग्यानोबा लातूरच्या बाजारात तोलार होता, दिवसभर लोकांच्या तुरीची आणि करडईची पोती तोलायचा.

"मधी खांब का न्हाई रे?" त्यानं विचारलं.

"मोटार कशी शिरंल दादा?"

"शिरंल न शिरंल. उद्या वाटणीची पाळी आली तर रेघ कुठून वढायची? हवेतून?"

उत्तर आतून आलं, त्यांच्या आईचं. धोंडाबाई उंबऱ्यावर येऊन म्हणाली, "रेघ वढायचीच न्हाई म्हणून खांब नको. मी जित्ती हाय तवर ह्या घरात वाटणी न्हाई. बांध रे व्यंकट."

त्या म्हातारीचं मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं!

तुळईचा प्रश्न मोठा होता. व्यंकटला रेल्वेचे जुने रूळ हवे होते, पण लढाईमुळे लोखंडाचा खिळा मिळत नव्हता तिथे रूळ कुठला. शेवटी त्यानं किनवटचं सागवान नांदेडवरून आणलं. चांगलं सरळ, जाड लाकूड होतं. शिवमूर्ती सुतारानं त्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "लाकूड लई झकास हाय. पण वर पत्रे टाका. माती नको."

पत्रे मिळत नव्हते हे खरं. पण मिळाले असते तरी धोंडाबाईनं टाकू दिले नसते. पत्रा अडत्याच्या गोदामाला, चांगल्या घराला माळवद, असं तिचं मत होतं. शिवाय नव्या माळवदावर कुरडया वाळत घालायला तिला ऐसपैस जागा मिळणार होती. शिवमूर्तीनं वाद घातला नाही, त्याला पुढचं काम होतं. वर माती पडली, पण पातळ, व्यंकटनं उभं राहून घातलेली.

दार झालं. व्यंकटनं मोटार मागे घेत घेत आत नेली. दोन्ही अंगांना जेमतेम वीतभर जागा उरली. पाठीमागे घराचीच भिंत. गल्लीतल्या माणसांना कोण आनंद झाला होता, जणू त्यांचीच मोटार. ग्यानोबा तेवढा बाजारात गेला होता.

मग सुरू झाली परवान्याची वाट. अर्ज हैदराबादेला गेला आणि तिथेच राहिला. पेट्रोलचा तुटवडा होता, नवीन परवाने बंद होते. व्यंकट शेठची मोटार हाकत राहिला आणि एक दिवसाआड घरी आला की आपली मोटार पुसत राहिला.

माळवदाची एक रीत असते. दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, वर पांढऱ्या मातीचा नवा थर घालायचा, म्हणजे गळत नाही. जुनी माती कोणी काढत नाही. माती काढतात ती घर पाडताना. थरावर थर चढत जातो आणि लोक अभिमानानं सांगतात की आमच्या माळवदाला आजोबांच्या हातची माती आहे. जुन्या घराला पावलोपावली खांब असतात, तिथे ते चालून जातं.

व्यंकट रस्त्यावर असायचा, म्हणून मोटारखान्यावर माती घालायचं काम ग्यानोबानं आपण होऊन घेतलं. राहत्या घरावर गाढवं भरून माती आणली, तशीच तिथेही आणली. पुढच्या वर्षी त्याहून जास्त. सिंधुनं पदर सावरून दारातूनच सासूला म्हटलं, "आत्या, तितं कमी घालाया सांगा ना." सासू म्हणाली, "त्यो थोरला हाय, त्याला कळतंय." दिवसभर दुसऱ्यांचं धान्य तोलणाऱ्या माणसाला मातीचं ओझं कळत नव्हतं, असं मला कुणी सांगू नये. धाकटा भाऊ मालक होणार, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. एवढंच होतं ते, आणि एवढंच पुरेसं असतं.

एका पावसाळ्यात मोटारखान्याचं दार जमिनीला घासायला लागलं. तुळई मधोमध वाकली होती. व्यंकट नांदेडला असताना ग्यानोबानं शिवमूर्तीला बोलावलं आणि तुळईखाली, दाराच्या बरोबर मध्यावर, खांब उभा केला. मी समोरून पाहत होतो. त्याला बोल लावायला जागाच नव्हती. तुळई खरंच वाकली होती, खांब खरंच हवा होता. धोंडाबाईनं नव्या खांबाला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सुनेला नैवेद्य दाखवायला लावला. मोटार खांबाच्या आत राहिली.

व्यंकट दुसऱ्या दिवशी आला. खांबाला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "परवाना आला की बघू."

आणि परवाना आला. उर्दू कागद घेऊन तो धावत माझ्याकडे आला. मी वाचून दाखवला: महिन्याच्या आत मोटार नांदेडला तपासणीला हजर करावी, नाहीतर परवाना रद्द होऊन दुसऱ्याला देण्यात येईल. व्यंकटनं माझे दोन्ही हात धरले. माझ्या आयुष्यात तेवढ्या आनंदानं माझे हात कुणी धरले नाहीत.

संध्याकाळी तो भावापुढे बसला. मला त्यानं सोबत नेलं होतं.

"दादा, वरची माती उतरवू. वजन कमी झालं की खांब काढतो, मोटार भाईर घेतो, पुन्ना खांब लावतो. माती मीच चढवतो."

"तुझ्या अर्ध्याची उतरव," ग्यानोबा शांतपणे म्हणाला. "माझ्या अर्ध्याला हात लावायची इजाजत न्हाई. ऐन पावसात माळवद उघडं करून पोरं मारायची हाय का मला?"

"अर्धं कोनतं दादा? आपली वाटनी कुठं झालीय?"

"खांब दिसायलाय की."

मी चार शब्द बोललो. मास्तरांनी शाळेपुरतं बोलावं, असं मला ऐकवण्यात आलं. तेव्हा व्यंकट आईकडे वळला. तिनंच एकेकाळी खांब नको म्हटलं होतं. ती एक शब्द बोलली असती तरी ग्यानोबाला मुकाट ऐकावं लागलं असतं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"पुजलेला खांब हालवायचा न्हाई," धोंडाबाई म्हणाली.

"माय, महिन्याची मुदत हाय."

"असू दे. शेठ पगार देतोय की. मोटारीचा मालक झालास की तुला हे घर पुरायचं न्हाई. बायकोला घेऊन येगळा होशील. मला कळत न्हाई व्हय?" आणि तिनं डोळ्यांना पदर लावला.

व्यंकट उठला. एवढंच म्हणाला, "मी येगळा न्हवतो होनार, माय."

महिना संपला. परवाना दुसऱ्या कुणाला गेला. व्यंकटनं आपल्या मोटारीचं इंजिन खोललं आणि एकेक भाग खांबाच्या बाजूनं बाहेर काढून नांदेडला विकला. सांगाडा आत तसाच राहिला, त्यात ग्यानोबाच्या कोंबड्या बसायला लागल्या. दिवाळीच्या आधी व्यंकट आणि सिंधु बिऱ्हाड घेऊन नांदेडला गेले ते गेलेच.

शेठची मोटार मात्र अजून लातूरला येत होती आणि ती व्यंकटच आणत होता. मोटारतळापासून घर हाकेच्या अंतरावर, पण त्यानं कधी घराकडे पाऊल टाकलं नाही. मग म्हातारीच तळावर यायला लागली. फडक्यात भाकरी आणि चटणी बांधून आणायची आणि त्याच्या खिडकीखाली उभी राहायची. ती काही बोलायला लागली की तो पुढे बघत म्हणायचा, "बाजूला व्हा बाई, गाडी सुटायलीय." भाकरीला तो कधी नाही म्हणाला नाही. घ्यायचा, आणि तिच्या डोळ्यांदेखत मागे बसलेल्या उतारूंना वाटून टाकायचा.