हललेला फोटो

माझ्या धाकट्या दिराइतके कमी फोटो काढणारा फोटोग्राफर नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. तिसगावच्या बाजारात त्यांचं दुकान होतं, गळ्यात कायम कॅमेरा असायचा, पण बटण दाबायचं म्हटलं की जिवावर यायचं. रिळात फोटो छत्तीसच. म्हणून गिऱ्हाइकाला आधी तोंड धुवायला लावायचे, मग भांग पाडायला, मग श्वास रोखायला. पासफोटोला आलेले एक मास्तर श्वास रोखून लाल झाले, तरी भावजी त्यांची मानच सरळ करत होते. हललेला फोटो त्यांनी कधी कुणाच्या हातात दिला नाही. "माझ्या फोटोत मानूस हालत न्हाई," असं गावभर सांगायचे.

लग्नात मात्र जो तो "आमचाबी एक काढा" म्हणून पुढे यायचा. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. दुसऱ्या खांद्याला एक रिकामा कॅमेरा, त्यात रीळ नाही, नुसता फ्लॅश. लख्ख उजेड पडला की मंडळी खूश होऊन पंगतीला बसत. पुढे कुणी फोटो मागितला तर ठरलेलं उत्तर, "धुवायला नगरला दिलाय."

नव्वदचं दशक संपता संपता माझा मुलगा नगरहून साहेबाचा डिजिटल कॅमेरा दोन दिवसांसाठी घेऊन आला. दुपारभर त्याने म्हशीचे, कोंबड्यांचे फोटो काढले. फोटो लगेच मागच्या काचेत दिसायचा, आवडला नाही की पुसायचा. मला ते बरं वाटलं. दिरांनी कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला.

"लगेच दिसलं. आता वाट कशाची बघायची?"

"तुमच्या गिऱ्हाइकांनी काय कमी वाट बघितली, भावजी?" मी म्हणाले.

त्या गिऱ्हाइकांत मीही होते. लेकीच्या लग्नात त्यांनी आम्हा नवरा-बायकोला शेजारी उभं करून फोटो काढला होता. पुढच्याच वर्षी मालक गेले. आमचा दोघांचा दुसरा फोटो नव्हता. मागितला की, नगरला दिलाय. मग मी त्या दिवशी तोंडावरच विचारलं, "रिकाम्या कॅमेऱ्यात काढला असंल तर सांगून टाका. मी काय रडत बसनार न्हाई."

ते उठून दुकानात गेले आणि एक पाकीट घेऊन आले.

"रीळ हुतं, वहिनी. दादा हालला."

फोटोत मी श्वास रोखून खांबासारखी उभी होते. मालकांनी माझ्याकडे मान वळवलेली, तोंड उघडं, हनुवटी पुसट. आपलं नाव जाईल म्हणून या माणसाने तो दोन वर्षं लपवून ठेवला होता, पण फाडला नव्हता. मुलगा म्हणाला, डिजिटल असता तर तिथंच पुसून दुसरा काढला असता. खरंच काढला असता, दोन खांबांचा.

मी तो तसाच फ्रेम करून भिंतीवर लावला. दीर चहाला आले की त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे. मालक तेव्हा काय म्हणत होते, ते मला काही केल्या आठवत नाही. पदर नीट कर म्हणाले असतील. दुसरं काही बोलायची त्यांना सवय नव्हती. तरी येता-जाता मी बघते.